उणे पाच कुठे मोजलेत?

('स्वदेशी आणि गुणवत्ता' या विषयावर एका लघुउद्योजकाने व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



स्वदेशी या विषयावर बोलण्यासाठी या व्यासपीठावर आजवर अर्थशास्त्राचे अभ्यासक आले, विचारवंत आले. मी त्यांच्या पंक्तीतला नाही. मी शिवणकाम करणारा माणूस आहे. तीसहून अधिक वर्षे पुण्यात पाठीवरच्या सॅक, लहान तंबू आणि स्लीपिंग बॅगा शिवण्याचा छोटासा कारखाना चालवीत आलो. त्यामुळे आकडेवारीचे मोठे सिद्धान्त मांडण्याऐवजी मी आज केवळ एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे स्लीपिंग बॅग. शुद्ध मराठीत 'शयनपिशवी' म्हणण्याची माझी तयारी आहे. पण त्या नावाने दुकानात मागितली तर दुकानदार उशीचा अभ्रा काढून देईल, म्हणून रूढ शब्दच वापरतो.

एवढ्या क्षुल्लक वस्तूवर तासभर काय बोलायचे, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु देशी माल आणि स्वस्त विदेशी माल यांचा जो संघर्ष आपण नेहमी ऐकतो, त्याचे सर्व पैलू या एका पिशवीत शिवलेले मला आढळले. आणि त्यातली काही शिवण माझ्याच हातून उसवली होती, हेही आज मला प्रांजळपणे सांगावयाचे आहे.

घोंगडी, गोधडी आणि बॅग

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पुष्कळांचा समज असा की स्लीपिंग बॅग 'गरम' असते. ती गरम नसते. तिच्यात कोणतीही ऊब निर्माण होत नाही. ऊब आपल्या शरीराची असते. बॅग ती केवळ बाहेर जाऊ देत नाही. हे काम कापड करीत नाही, भरणही थेट करीत नाही. ते काम भरणात अडकून स्थिर राहिलेली हवा करते. हवा जितकी स्थिर आणि तिचा थर जितका जाड, तितकी थंडी दूर. म्हणून बॅग किती फुगते याला महत्त्व. अंगाखाली दबलेले भरण निरुपयोगी होते, म्हणून बॅगेखाली चटई हवीच. बॅग महिनोन्महिने गुंडाळून ठेवली की भरण कायमचे बसते, म्हणून घरी ती सैल ठेवायची.

हे शास्त्र आपल्या लोकांना नवे नव्हते. माणदेशातला मेंढपाळ दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीचे घोंगडे पांघरून उघड्या माळावर रात्र काढीत आला. त्याच घोंगडीची खोळ करून तो पावसातही उभा राहतो. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, बारीक धावदोऱ्याने गोधडी शिवली, तेव्हा तिनेही दोन थरांमध्ये हवाच कोंडली होती. फरक इतकाच की घोंगडी आणि गोधडी जड असतात. पाठीवर वाहून डोंगर चढायचा तर वजन कमी हवे. त्यासाठी पोकळ धाग्याचा पॉलिएस्टर किंवा बदक-हंसांची मऊ पिसे वापरावी लागतात. पिसे वजनाला हलकी आणि उबेला सरस. पण ओली झाली की गोळा होऊन बसतात. पोकळ धाग्याचे भरण थोडे जड असले तरी दमट हवेतही बऱ्यापैकी ऊब राखते. आपल्या दवाच्या, धुक्याच्या सह्याद्रीला तेच मानवते. हा धागा आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तयार होतो. वरचे कापड सुरतेच्या मागांवर विणले जाते. शिवणारे हात गल्लोगल्ली आहेत. म्हणजे ही वस्तू बाहेरून आणण्याचे कोणतेही नैसर्गिक कारण नाही. तरीही ती बाहेरून येते. का येते, याचा विचार मला स्वतःपासून सुरू करावा लागला.

माझी चूक

मी हा उद्योग सुरू केला तो एका वाड्याच्या माडीवर, चार शिलाई यंत्रांवर. गिर्यारोहणाची आवड असलेली महाविद्यालयीन मुले माझी गिऱ्हाइके. त्यांच्यापैकी कोणी तरी परदेशातून आणलेली बॅग मला दाखवली. तिच्यावर अंश सेल्सियसमध्ये तापमानाचा आकडा छापलेला होता. मुले म्हणाली, "काका, तुमच्या बॅगेवरही असा आकडा हवा. त्याशिवाय कोणी घेत नाही." मी त्या बॅगेची जाडी बोटांनी चाचपली, माझ्या बॅगेची चाचपली, दोन्ही सारख्याच वाटल्या, आणि माझ्या चिठ्ठीवर 'उणे ५ अंश' असे छापून घेतले. छपाईवाल्याला हजार चिठ्ठ्यांचे पैसे दिले. तापमापक मात्र मी तोवर विकतही घेतला नव्हता.

पुढच्या डिसेंबरात एका गटाने गढवालच्या पदभ्रमणासाठी माझ्याकडून चौदा बॅगा नेल्या. ती मुले सुखरूप परतली, हे ईश्वराचे उपकार. पण एका रात्री पारा शून्याच्या जरा खाली गेला, आणि त्यांच्यातली एक मुलगी इतकी कुडकुडू लागली की तिला बोलणे जमेना. मुलांनी शेकोटी पेटवली, दोन बॅगा एकात एक घालून तिला झोपवले आणि आळीपाळीने रात्रभर जागून काढली. परत आल्यावर त्यांचा प्रमुख माझ्या माडीवर आला. त्याने बॅग टेबलावर ठेवली. मला वाटले, पैसे मागेल. तो शांतपणे म्हणाला, "काका, बॅग परत करायला आलो नाही. हे उणे पाच तुम्ही कुठे मोजलेत, एवढेच विचारायला आलो आहे."

बंधूंनो, माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या दुकानाच्या दारावर त्या काळी 'स्वदेशी वस्तू वापरा' असा फलक होता. तो मुलगा तो फलक वाचूनच माझ्याकडे आला होता. माझ्या स्वदेशीवर त्याने विश्वास ठेवला आणि मी त्याला एक न मोजलेला आकडा विकला.

त्यानंतर आम्ही मोजायला शिकलो. मंचर भागात एका स्नेह्यांचे बटाट्याचे शीतगृह होते. तेथे तापमान दोन ते चार अंशांवर स्थिर असते. त्यांच्या परवानगीने आम्ही रात्री तेथे बॅगा अंथरल्या. आत एक तापमापक, बाहेर एक. मी झोपलो, कटिंग मास्टर झोपले. शेवटी शिलाईवर काम करणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी हट्ट धरला की बॅग आम्ही शिवतो तर आम्हालाही कळू दे. अर्ध्या तासात त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, थंडी सगळीकडनं नाही येत. शिवण जिथं आहे तिथनंच गार लागतंय."

शाळेची पायरी फारशी न चढलेल्या त्या बाईंनी जे सांगितले, तेच या वस्तूच्या शास्त्रातले मर्म आहे. भरण जागेवर राहावे म्हणून वरच्या-खालच्या कापडातून आरपार शिवण घातली, की त्या रेषेवर भरणाची जाडी शून्य होते आणि तेथून ऊब निसटते. उपाय असा की भरणाचे दोन थर घ्यायचे, दोन्ही वेगवेगळे शिवायचे आणि एकाच्या शिवणीवर दुसऱ्याचा फुगीर भाग येईल असे बसवायचे. चेनच्या आतल्या बाजूने भरण घातलेली नळीसारखी पट्टी लावायची, म्हणजे चेनच्या दातांमधून वारा शिरत नाही. डोक्याला टोपी आणि गळ्याशी आवळायची दोरी द्यायची. या सुधारणांनी बॅगेमागे शिलाईचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला. आणि चिठ्ठीवरचा आकडा? तो मी बदलला. 'उणे ५'च्या जागी 'अधिक ५' छापले. त्या वर्षी माझी विक्री घटली. पण माडीवर कोणी प्रश्न विचारायला आले नाही.

स्वस्त माल आला तेव्हा

आता आयातीकडे वळतो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारांनुसार आपल्या देशाने १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठवले. १ जानेवारी २००५ रोजी जगातील वस्त्रव्यापाराची जुनी कोटापद्धती संपली. त्या काळात आपल्या संघटनांनी यावर बरीच चर्चा घडवून आणली, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना स्मरत असेल. मला त्या चर्चेचा अर्थ कळला तो बाजारात. माझ्या बॅगेच्या नुसत्या कापडाला आणि भरणाला जितका खर्च येई, तितक्या किमतीत शिवून, थैलीत घालून, चिनी बनावटीची तयार बॅग दुकानात लटकू लागली. तिच्यावर ठळक अक्षरांत 'उणे १०'.

मी एक विकत आणली आणि कात्रीने उघडली. शेजारी माझीही एक उघडून ठेवली. दोन्हींचे भरण तराजूत घातले. त्यांचे भरण माझ्याहून बरेच कमी भरले आणि तेही विषम. पायाकडे गोळा, छातीवर विरळ. शिवण आरपार. चेनमागे पट्टी नाही. म्हणजे जी चूक मी अज्ञानाने केली होती, ती येथे हिशेब करून केलेली होती.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांची शिलाई सरळ होती, टाके एकसारखे होते. माझ्या बॅगेत तीन ठिकाणी धागे लोंबत होते. त्यांची चेन दहा वेळा ओढली तरी कापडात अडकली नाही. माझी चौथ्या वेळी अडकली. त्यांची थैली नीटनेटकी. माझी बॅग तिच्या थैलीत कोंबायला गुडघा लावावा लागे. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला भरण दिसत नाही. त्याला टाके दिसतात, चेन दिसते, थैली दिसते आणि किंमत दिसते. जे दिसते त्यात ते माझ्या पुढे होते. जे दिसत नाही त्यात मी पुढे होतो, पण ते सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नव्हते.

साधन जगात होते. युरोपीय देशांनी २००२ साली स्लीपिंग बॅगेच्या तापमानासाठी 'ईएन १३५३७' हे मानक आणले. माणसाच्या आकाराचा, तापवता येणारा पुतळा बॅगेत झोपवून, थंड खोलीत त्याच्या अंगातून किती उष्णता निसटते ते मोजायचे आणि त्यावरून आकडे ठरवायचे, अशी ही पद्धत. पुढे २०१६ साली तिला 'आयएसओ २३५३७' असे आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. यातले आकडे समजून घेण्यासारखे आहेत. पहिला आकडा आरामाचा : सर्वसाधारण स्त्रीला ज्या तापमानात सैल पडून स्वस्थ झोप लागेल तो. दुसरा मर्यादेचा : सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल तो. तिसरा टोकाचा : ज्या तापमानात झोप तर दूरच, पण सहा तास केवळ जीव तगेल, हिमदंशाची भीती राहीलच, असा. आता पाहा, हे तिन्ही आकडे खरे असले तरी थैलीवर ठळक छापायला कोणता निवडला जातो? स्वस्त मालावर बहुधा तिसरा, किंवा मी छापला होता तसा कुठेच न मोजलेला. आपल्या मुलाला पहिल्या हिमालयीन पदभ्रमणाला पाठवणारी आई दुकानात उणे दहा वाचते आणि निश्चिंत होते. ज्या आकड्यावर आपण जीव सोपवतो, तो खरा असावा, एवढीच या विषयातील माझी मागणी आहे. बॅग कुठल्या देशात शिवली, हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते काय करतात?

नंतरचा म्हणजे गौण नव्हे. कारखाना टिकला तरच कौशल्य टिकते. हे जगातले बलाढ्य देशही ओळखून असतात. याचे एक मासलेवाईक उदाहरण आपल्याला ऐकवतो.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हेलीव्हिल नावाचे छोटे गाव आहे. तेथे एक्सेल आउटडोअर्स या कंपनीचा स्लीपिंग बॅगा शिवण्याचा कारखाना होता. विकसनशील देशांच्या काही मालाला अमेरिका 'जीएसपी' नावाच्या योजनेखाली बिनशुल्क प्रवेश देत असे. बांगलादेशात शिवलेल्या बॅगा या सवलतीमुळे नऊ टक्के आयातशुल्क न भरता अमेरिकेत येऊ लागल्या. हेलीव्हिलच्या कारखान्याने तक्रार केली. प्रशासनाने दाद दिली नाही, तेव्हा त्या राज्याचे सिनेटर जेफ सेशन्स यांनी डिसेंबर २०१० मध्ये संपूर्ण योजनेचीच मुदतवाढ अडवून धरली. शंभराहून अधिक देशांच्या हजारो वस्तूंना लागू असलेली योजना ३१ डिसेंबर २०१० रोजी संपुष्टात आली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये नव्याने मंजूर होईपर्यंत तशीच पडून राहिली. या योजनेचा मोठा लाभ घेणाऱ्या देशांत भारतही होता. त्यामुळे अलाबामातल्या एका शिलाई कारखान्यासाठी आपल्या निर्यातदारांच्या मालावरही दहा महिने शुल्क लागले. ते पुढे पूर्वलक्षी प्रभावाने परत देण्यात आले खरे, पण तोवर लहान व्यापाऱ्याची ओढाताण व्हायची ती झालीच. अखेर पिसांखेरीज अन्य भरणाच्या स्लीपिंग बॅगांना जानेवारी २०१२ पासून त्या सवलतीतून वगळण्यात आले.

साऱ्या जगाला मुक्त व्यापाराचे पाठ देणाऱ्या देशाची ही वर्तणूक. मी त्या सिनेटरना दोष देत नाही. आपल्या गावातली यंत्रे चालू राहावीत म्हणून लोकप्रतिनिधीने भांडावे, यात गैर काय? उलट स्वदेशीचा उच्चार करताना आपल्यातल्याच काही सुशिक्षितांना जो संकोच वाटतो, तो या उदाहरणाने गळून पडावा.

मात्र याच उदाहरणातून दुसरा बोधही घेतला पाहिजे. शुल्काची भिंत कारखान्याला वेळ मिळवून देते. त्या वेळात सुधारणा करण्याचे काम कारखान्यानेच करायचे असते. नऊ टक्क्यांच्या आडोशाने बॅगेत एक ग्रॅम भरणही वाढत नाही. माझी चेन चौथ्या वेळी अडकत असेल, तर सरकारने आयातीवर कितीही शुल्क बसवले तरी ती पाचव्या वेळीही अडकणारच.

सियाचिनची शिकवण

येथवर मी पदभ्रमण करणाऱ्या मुलांविषयी बोललो. आता जे हौसेने नव्हे तर कर्तव्य म्हणून बर्फात झोपतात, त्यांच्याविषयी.

१३ एप्रिल १९८४ रोजी आपल्या सेनेने 'ऑपरेशन मेघदूत'द्वारे सियाचिनच्या खिंडी ताब्यात घेतल्या. त्या मोहिमेसाठी लागणारे अतिशीत हवामानाचे कपडे आणि साहित्य परदेशातून मागवावे लागले होते आणि ते तळावर पोहोचले मोहिमेच्या आदल्या रात्री, असे त्या मोहिमेच्या वृत्तान्तांत नमूद आहे. विमान एक दिवस उशिरा आले असते तर? हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

त्यानंतर छत्तीस वर्षे लोटली. फेब्रुवारी २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा एक अहवाल संसदेत मांडला गेला. सियाचिन, लडाखसारख्या उंच प्रदेशातील जवानांच्या साहित्याची त्यात तपासणी होती. जुन्या धर्तीचे मुखवटे, जॅकेट आणि स्लीपिंग बॅगा खरेदी केल्यामुळे जवान सुधारित साहित्याच्या लाभापासून वंचित राहिले, असे त्या अहवालाने नोंदवले. देशी संशोधनातील उणिवा आणि स्वदेशीकरणातील विलंब यांमुळे आयातीवरचे अवलंबित्व चालू राहिले, हेही त्याने दाखवून दिले. पाठोपाठ त्याच वर्षी जूनमध्ये गलवान घडले. पूर्व लडाखमध्ये हजारो जवान हिवाळाभर ठेवण्याची वेळ आली, आणि आपल्याला अमेरिकेकडून अतिशीत हवामानाच्या कपड्यांचे संच तातडीने घ्यावे लागले. मित्रदेशाने दिले, हे खरे. पण मित्रदेश प्रत्येक हिवाळ्यात मित्र राहीलच, आणि त्याच्याकडे शिल्लक असेलच, असे कोण सांगू शकतो?

समाधानाची गोष्ट अशी की पावले पडत आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने म्हणजे डीआरडीओने अधिक पंधरा ते उणे पन्नास अंशांपर्यंत चालेल अशी तीन थरांची वस्त्रप्रणाली विकसित केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांच्या स्वाधीन केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणींची पुनर्रचना होऊन जवानांचे कपडे, तंबू आदी साहित्य बनवणारे कारखाने कानपूर येथे मुख्यालय असलेल्या 'ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड' या कंपनीत एकत्र आले. यातून पुढे काय उभे राहते, ते बर्फातला जवानच ठरवील. कारण चिठ्ठीवरचा खोटा आकडा पुण्यातल्या गिऱ्हाइकाला एक रात्र छळतो. जवानाला तो वाटाघाटीची संधी देत नाही.

आपण काय करायचे?

केवळ व्यथा सांगून थांबणे योग्य नव्हे. म्हणून अनुभवातून सुचलेल्या तीन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट उत्पादकाची. लोकमान्य टिळकांच्या काळात, १९०८ साली तळेगावला पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जमवलेले ते भांडवल. त्या कार्यकर्त्यांना वाटले असते तर 'देशभक्तीपोटी आमची वेडीवाकडी काच घ्या' असे ते म्हणू शकले असते. पण त्यांनी परदेशात जाऊन काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना आणले, आणि कारखान्याबरोबरच काम शिकण्याची शाळा चालवली. स्वदेशी म्हणजे देशातल्या माणसाच्या हाती कौशल्य देणे, हे त्यांनी ओळखले होते. आज माझ्यासारख्या प्रत्येक लहान कारखानदाराने थंड खोली आणि तापणारा पुतळा विकत घेणे शक्य नाही. पण दहा-वीस जणांनी मिळून एक चाचणीघर उभारणे, वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्थांकडे आपला माल तपासून घेणे, हे निश्चित शक्य आहे. आणि तेही जमत नसेल, तर न मोजलेला आकडा न छापणे, एवढे तरी आजच करता येईल. त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट सरकारी खरेदीची. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करायची, या रिवाजाने चांगल्या देशी मालाचे जितके नुकसान केले, तितके क्वचित कोणी केले असेल. भरणाचे वजन, फुगवटा, शिवणीची पद्धत आणि चाचणीचा दाखला या अटी आधी काटेकोर लिहिल्या आणि नंतर दर पाहिले, तर जो प्रामाणिकपणे भरण घालतो तो स्पर्धेत उभा राहू शकेल. २०१७ पासून सार्वजनिक खरेदीत देशी मालाला प्राधान्य देण्याचा आदेश आहे. त्याला गुणवत्तेच्या अटींची जोड हवी. अन्यथा देशी मालातलाही हलका मालच जिंकेल, आणि देशी मालाचे नाव मात्र बद्दू होईल.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे कुटुंबांची आणि कार्यकर्त्यांची. शिबिरांसाठी, सहलींसाठी, मदतकार्यासाठी आपण शेकडोंनी पांघरुणे आणि बॅगा विकत घेतो. खरेदी करणारा कार्यकर्ता बहुधा एकच प्रश्न विचारतो : "शेवटचा भाव काय?" त्याआधी चार प्रश्न विचारावेत, ही माझी विनंती आहे. आत भरण किती ग्रॅम आहे? शिवण आरपार आहे की थर वेगळे आहेत? चेनमागे पट्टी आहे का? आणि हा तापमानाचा आकडा कोणत्या चाचणीचा, आरामाचा की टोकाचा? बॅग दिव्यासमोर धरून पाहा. भरण विरळ असेल तेथे उजेड जास्त येतो. देशी उत्पादक असेल तर त्याला हे प्रश्न अधिक कसून विचारा, कमी नव्हे. आपल्या माणसाला सवलत द्यायची ती पैशात फार तर द्यावी. गुणवत्तेत देऊ नये. गुणवत्तेतली सवलत त्याला आयुष्यभर दुबळा ठेवते. माझ्या माडीवर आलेला तो मुलगा मला ओरडला नाही, त्याने माझ्यावर बहिष्कारही टाकला नाही. त्याने एक प्रश्न विचारला. माझ्या कारखान्याचे त्याने जितके भले केले, तितके कोणत्याही अनुदानाने केलेले नाही.

अशी पारख करून देशी बॅग आणि विदेशी बॅग तोडीस तोड ठरली, तर शंभर-दोनशे रुपये अधिक मोजून देशी घ्या. हे वरचे पैसे म्हणजे दान नव्हे. पुढच्या वर्षी आपल्याच गावात ती उसवली तर शिवून देणारा माणूस शिल्लक राहावा, यासाठी भरलेला तो हप्ता आहे. आणि देशी बॅग कमी पडली, तर घेऊ नका. पण का घेतली नाही ते त्या उत्पादकाला जाऊन जरूर सांगा. न बोलता पाठ फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून कारखानदार काहीच शिकत नाही.

शेवटी एकच सांगतो आणि थांबतो. त्या चौदा बॅगांपैकी एक मी त्या मुलाकडून मागून घेतली. ती आजही कारखान्यात, कटिंगच्या टेबलासमोर टांगलेली आहे. 'उणे ५'च्या चिठ्ठीसकट. नवीन मुलगा किंवा मुलगी कामावर आली की पहिल्या दिवशी त्यांना मी ती दाखवतो आणि त्या रात्रीची हकिकत सांगतो. दारावरचा 'स्वदेशी वस्तू वापरा' हा फलकही मी काढलेला नाही. पण पूर्वी तो रस्त्याकडे तोंड करून होता. आता तो आत, शिलाई यंत्रांच्या समोर लावला आहे. त्यावरची अक्षरे आधी आम्ही वाचावीत, असे मला वाटते.